कुत्र्याची बाजू, काळविटाची बाजू

मे महिन्यात मद्रास हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. सुट्टीतली न्यायपीठं तातडीचं तेवढं ऐकतात, बाकी आवारात शुकशुकाट. त्यातच ४ मेच्या आसपास ‘कत्तिरी’ लागते, म्हणजे अग्निनक्षत्र. पुढचे तीनेक आठवडे चेन्नईकर दुपारचं कुणाला घरी बोलावत नाहीत. आपल्याकडची लॉ कॉलेजची मुलं इंटर्नशिपसाठी अर्ज करतात ते नेमके याच महिन्यासाठी. त्यांचाही इलाज नसतो, कॉलेज तेव्हाच बंद. अमेरिकेतली मुलं जूनमध्ये उतरतात, तोवर कोर्ट उघडलेलं असतं. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्यांची तर ती थंडीची सुट्टी. तरी सगळ्यांच्या पत्रांवर ‘समर प्लेसमेंट’ असंच छापलेलं असतं.

मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याची नोकरी तरमणीच्या आयटी पार्कात लागली म्हणून वेलचेरीत आले आणि इथल्या एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करू लागले. ऑफिस विजयनगर बस स्टँडजवळ, जेरॉक्सच्या दुकानावर. सीनियर, मी, एक ज्युनियर आणि आमचे गुमास्ता अण्णा, ज्यांच्याशिवाय फायलिंगच्या खिडकीवर आमचं काहीच चालत नाही. प्राण्यांची आणि पर्यावरणाची प्रकरणं चालवणारं ऑफिस म्हणून आमचं नाव आहे. भाडं मात्र निघतं ते चेक बाऊन्सवर आणि घरमालक-भाडेकरूंच्या भांडणावर. आलेल्या प्रत्येक मुलाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. परदेशातून अर्धं जग ओलांडून आलेल्या मुलाच्या हातात पहिल्या आठवड्यात चेक बाऊन्सची नोटीस पडते, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याला वकालतनाम्यावर सही करता येत नाही, कोर्टापुढे उभं राहता येत नाही. पांढरा शर्ट, काळी पँट घालून मागच्या बाकावर बसायचं आणि वहीत लिहायचं. तमिळ कळत नाही. मलाही आधी कळत नव्हतं, त्यामुळे त्या बाकाची मला पुरेपूर कल्पना आहे.

भारतीय मुलांची अडचण निराळी. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. म्हणजे पोराला बंडल लावायला आलं, कुठल्या परिशिष्टाला काय जोडायचं ते समजलं, की त्याची निघायची वेळ झाली. परदेशी मुलं दोन-अडीच महिने राहतात. कामाच्या दृष्टीनं खरा फरक पडतो तो या मुदतीनं. हुशारीत इकडचे-तिकडचे सारखेच.

ही मुलं वेलचेरीलाच का येतात, हे नकाशा उघडला की कळतं. वेलचेरी मेन रोडवर ब्लू क्रॉस ऑफ इंडियाचं आवार आहे. कॅप्टन व्ही. सुंदरम आणि उषा सुंदरम, दोघंही वैमानिक, त्यांनी मुलांसह १९५९ मध्ये ही संस्था सुरू केली. भटकी कुत्री मारून संख्या आटोक्यात येत नाही, नसबंदी करून जागेवर सोडली तर येते, हे म्हणणं संस्थेनं १९६४ पासून लावून धरलं. महापालिकेला ते पटायला १९९६ उजाडलं, आणि देशभरासाठी नियम झाले २००१ मध्ये. ते जाऊन २०२३ चे नियम आले. तत्त्व तेच राहिलं. आज गल्लोगल्ली कुत्र्यांवरून जी भांडणं होतात, त्यांतल्या कायद्याच्या बाजूचं माहेर हा रस्ता आहे.

इथून जवळच गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम २.७ चौरस किलोमीटर, शहराच्या पोटात. तिथे चितळ आहेत, काळवीट आहेत. त्याला लागून आयआयटी मद्रास, जी १९५९ मध्ये याच जंगलाच्या जमिनीवर उभी राहिली. कुंपणं आहेत, पण चितळांनी ती कधी मनावर घेतलेली नाहीत. आणि वेलचेरीच्या दक्षिणेला पळ्ळिकरणैची दलदल. एके काळी हजारो हेक्टर पसरलेली होती. आता तिच्यात पेरुंगुडीचा कचरा डेपो आहे, रस्ते आहेत, आयटीच्या इमारती आहेत, आणि उरलेल्या पाण्यावर रोहित पक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी.

थोडं पूर्वेला तिरुवान्मियूर. तिथल्या कलाक्षेत्राच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल नृत्यासाठी सगळ्यांना ठाऊक आहेत. राज्यसभेत असताना प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध खासगी विधेयक त्यांनीच आणलं होतं. त्यातून पुढे १९६० चा कायदा झाला, १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ झालं आणि त्या त्याच्या पहिल्या अध्यक्ष. मंडळाचं मुख्यालय अनेक दशकं याच शहरात होतं. आता ते हरियाणात बल्लभगडला गेलंय. आमचे सीनियर अजून त्याबद्दल हळहळतात, कारण पूर्वी रिक्षानं जाऊन जे काम व्हायचं त्यासाठी आता ईमेल पाठवून वाट बघावी लागते.

एका जूनमध्ये ओरेगॉनहून एक मुलगी आली होती. पोर्टलंडच्या लुईस अँड क्लार्क लॉ स्कूलमध्ये प्राणी-कायद्याचं स्वतंत्र केंद्र आहे. त्या भागात हा विषय मुलं चांगला मुरवून शिकतात. आमच्याकडचा जल्लिकट्टूचा २०१४ चा निकाल तिला जवळजवळ पाठ होता. न्या. राधाकृष्णन यांनी कलम २१ मधला जगण्याचा हक्क प्राण्यांपर्यंत कसा नेला, हे तिनं मला विमानतळावरून येताना गाडीतच समजावून सांगितलं. मी तिला १९६० च्या कायद्याचं कलम ११ काढून दिलं. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, कमाल पन्नास. तिनं ते वाचलं, मग म्हणाली, “ही जुनी प्रत असेल.” जुनी नव्हती. दंड आजही तोच आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणून तर आम्ही फिर्याद लिहिताना नुसत्या कलम ११ वर थांबत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४२८ आणि ४२९ लावायचो. ४२८ मध्ये अट अशी की मारलेल्या जनावराची किंमत किमान दहा रुपये असली पाहिजे. रस्त्यावरच्या कुत्र्याला विकत घेणार कोण, मग त्याची किंमत दहा रुपये हे सिद्ध करा, असा बचाव मी स्वतः ऐकलाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट गेली आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. घटनापीठाच्या निकालांवर परिषदा भरतात. दहा रुपयांची अट गेल्यावर कुणी चहासुद्धा पाजला नाही. खालच्या कोर्टात मात्र जो काही फरक पडला तो यानंच पडला.

त्याच जूनमध्ये जुन्नर तालुक्यातला एक मुलगा आला, पुण्यात पाचव्या वर्षाला असलेला. परीक्षा लांबल्या म्हणून मेऐवजी जूनमध्ये. घरी बोलल्यासारखं मराठी बोलायला कुणीतरी मिळालं याचाच मला आनंद. एका पहाटे फोन आला की केरळकडे निघालेला एक ट्रक अडवलाय. १९७८ च्या वाहतुकीच्या नियमांप्रमाणे मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नेता येत नाहीत. यात सतरा होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत ती उतरवून बांधली होती. शिंगं निळी-तांबडी रंगवलेली, काहींची शेपटी मोडलेली, डोळ्यांतून पाणी. ओरेगॉनची मुलगी मोबाइलवर चित्रण करत होती आणि हवालदार तिच्याकडे बघत होते. पंचनाम्यात लिहिलं होतं: बैल, १७ नग. बस.

जुन्नरच्या मुलानं चपला काढल्या. का, ते मी विचारलं नाही. पहिल्या बैलाच्या मानेवरून हात फिरवत पुढे गेला, वेसणीला धरलं आणि खालचा ओठ दोन बोटांनी खाली ओढला. “मॅडम, लिहा. जुळलेला. वय आठच्या वर. डाव्या शिंगाचं टोक तुटकं. कपाळावर चांदा.” दुसरा सहादाती, वशिंडावर जुना व्रण. तिसरा चौसा. एक तर आदत निघाला, म्हणजे दुधाचे दातही पडले नव्हते. गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात आणि त्यांची जोडी कितवी आली यावरून वय सांगतात, हे मला ऐकून माहीत होतं. करताना कुणाला पाहिलं नव्हतं. सतरा बैलांची सतरा वर्णनं झाली. ती मी तमिळ-इंग्रजीत उतरवली, पशुवैद्यक डॉक्टरांनी तपासून सही केली.

फौजदारी कोर्टात जप्त जनावर हा मुद्देमाल असतो. चोरीची मोटारसायकल आणि बैल एकाच नोंदवहीत. मोटारसायकल आवारात गंजत पडली तरी कुणाला वैरण घालावी लागत नाही. बैलाला रोज लागते. २०१७ च्या नियमांत म्हणून खटला चालू असताना जनावर कुठे ठेवायचं, खर्चाचा जामीनकदबा कुणी द्यायचा, हे सांगितलंय. अपेक्षेप्रमाणे मालकाचा ताब्यासाठी अर्ज आला: शेतकामाची गुरं आहेत, परत द्या. समोर आमची यादी होती. म्हातारे, लंगडे बैल आणि एक आदत, अशी औताची जोडी कुणी जमवत नाही, एवढं मॅजिस्ट्रेटसाहेबांना सांगावं लागलं नाही. त्यांचे वडील तंजावरकडचे शेतकरी होते. ताबा निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे राहिला.

त्या संध्याकाळी ऑफिसात फिल्टर कॉफी घेताना ओरेगॉनच्या मुलीनं त्याला विचारलं, हे सगळं कुठे शिकलास? तो म्हणाला, घरी. आमची शर्यतीची बैलं आहेत.

मला वाटलं आता भांडण होणार. ती बराच वेळ काही बोललीच नाही. २०१४ च्या त्या निकालात जल्लिकट्टूबरोबर आमच्या बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या होत्या. जानेवारी २०१७ मध्ये मरीना किनाऱ्यावर माणसांचा समुद्र लोटला, तमिळनाडूनं कायदा दुरुस्त केला, महाराष्ट्र आणि कर्नाटकानंही केला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. म्हणजे जो निकाल पाठ करून ती आली होती, त्याचा महत्त्वाचा भाग तिच्यासमोर बसलेल्या मुलाच्या शर्यतीच्या घाटात आता लागू नव्हता. तो म्हणाला, “घाटात काठी, टोचणी चालते का? चालत नाही. तरी कुणी चालवत नाही का? चालवतात. मी बघितलंय.” मग थोड्या वेळानं, “पण शर्यती बंद होत्या तेव्हा आमच्या वाडीतली खोंडं कुठे गेली, तेही मी बघितलंय. ती अशाच ट्रकमधून गेली.” या दोन वाक्यांतलं कुठलंच मला खोडता आलं नाही. दोन्ही निकालपत्रांत ही दोन वाक्यं मिळून अशी कुठे येत नाहीत.

तो चार आठवड्यांनी गेला. त्याच्या जागी मेलबर्नचा एक मुलगा आला, पर्यावरण कायद्याचा अभ्यास करणारा, आणि आमच्या ऑफिसातल्या खऱ्या भांडणाला तोंड फुटलं.

प्राणी आणि पर्यावरण ही दोन्ही कामं या प्लेसमेंटच्या पत्रकांत एकाच ओळीत छापलेली असतात. मुलांनाही वाटतं की एकावर प्रेम म्हणजे दुसऱ्यावर असणारच. वेलचेरीत तसं राहत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लस देऊन जिथून उचलला तिथेच सोडायचं असतं. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा प्रश्न असा पडत असे: कुत्रा झाडीतल्या कॉलेजच्या आवारातून उचललेला असेल, आणि तिथे काळविटाची पाडसं फिरत असतील, तर? या भागात हा प्रश्न काल्पनिक नव्हता, तो हायकोर्टापर्यंत गेलेला होता.

मी दोघांनाही त्यावर टिपण लिहायला सांगितलं. ओरेगॉनच्या मुलीचं टिपण कुत्र्याच्या बाजूनं: प्रत्येक जीव वेगळा, त्याला वेदना होते, कुत्र्याला त्याची जागा हे त्याचं घर. मेलबर्नच्या मुलाचं अगदी थंड डोक्यानं लिहिलेलं: कुत्रा इथला मूळचा शिकारी नाही, माणसाच्या उष्ट्यावर वाढलेली संख्या आहे, राष्ट्रीय उद्यानाला लागून ती चालणार नाही. त्याच्या देशात सरकारनं २०१५ मध्ये वीस लाख रानटी झालेली मांजरं मारायचं लक्ष्य जाहीर केलं होतं. त्याला त्यात नवल वाटत नव्हतं. तिला ते ऐकून जेवण गेलं नाही. अण्णांनी विचारलं, मुलं भांडली का? म्हटलं, नाही, पक्षकार भांडले.

दुसऱ्या दिवशी मी टिपणांची अदलाबदल केली. तिनं काळविटाकडून लिहायचं, त्यानं कुत्र्याकडून. तिला रडू आलं, हे मी वाढवून सांगत नाही. पण तिनं लिहिलं, आणि ते तिच्या पहिल्या टिपणापेक्षा चांगलं उतरलं, कारण आता तिला समोरच्याची कमजोर जागा आतून माहीत होती. उघड्यावर टाकलेलं मेसचं अन्न हा दोन्ही बाजूंचा समान शत्रू आहे, हे तिनंच शोधून काढलं. त्यानं कुत्र्यासाठी लिहिताना एक आडवा मुद्दा काढला: एका जागेची कुत्री सरसकट हलवली की मोकळ्या जागेत बाहेरची, नसबंदी न झालेली कुत्री शिरतात. वेलचेरी मेन रोडवरचे लोक हेच पन्नास-साठ वर्षं सांगत आलेत. त्याला ते ठाऊक नव्हतं, स्वतःच्या तर्कानं तिथे पोहोचला. मला हा प्रकार फार आवडला.

दलदलीचं काम त्या मानानं रुक्ष, पण मला विचाराल तर शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच. पळ्ळिकरणैतलं ३१७ हेक्टर क्षेत्र २००७ मध्ये राखीव वन झालं. २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आलं तेव्हा नोंदलेलं क्षेत्र सुमारे १,२४७ हेक्टर. मग संरक्षण कुठल्या रेषेपर्यंत? भूखंड रेषेच्या आत की बाहेर, यावर कोट्यवधींचे व्यवहार अडतात. २०१७ च्या पाणथळ नियमांत आणखी एक अट आहे. कमाल पूरपातळीच्या सरासरीपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको. आणि ती सरासरी काढायची नियम लागू झाल्याच्या आधीच्या दहा वर्षांची. नियम सप्टेंबर २०१७ चे. म्हणजे डिसेंबर २०१५ चा महापूर हिशेबात येतो, डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ येत नाही. आणि २०१५ चं पाणीही एकटं धरायचं नाही, कोरड्या वर्षांबरोबर त्याची सरासरी. वेलचेरीत ज्यांच्या तळमजल्यावर दोन्ही वेळा पाणी शिरलं त्यांना हे समजावून सांगणं अवघड जातं.

मेलबर्नच्या मुलाला मी टेप देऊन राम नगर, एजीएस कॉलनी या भागांत पाठवलं, आमच्या ज्युनियरला बरोबर देऊन. लोकांनी पुराच्या खुणा जपलेल्या असतात. कुणी जिन्याच्या भिंतीवर ऑइल पेंटनं रेघ मारून तारीख घातलेली, कुणाच्या देवघराच्या फरशीवर ओलीचा पट्टा. एका आजींनी त्याला रेघ दाखवली आणि त्या दिवशी कोणत्या पायरीवर बसून कुणी दुधाची पिशवी बोटीतून फेकली ते सगळं सांगितलं. ज्युनियरनं भाषांतर केलं. त्यानं रेघेची उंची रस्त्यापासून, नाल्याच्या कठड्यापासून मोजली, फोटो काढले, जागेचे अक्षांश-रेखांश टिपले. सरकारी पूरमापनाचे आकडे माहिती अधिकारात मागवले होते, ते आले तेव्हा तो परतला होता. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले आहेत. पाणथळीचं प्रकरण हरित लवादाकडे न्यायचं तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस. चळवळीतल्या लोकांची पत्रकं, मोर्चे, सह्यांच्या मोहिमा यांतच हे सहा महिने जातात असा माझा अनुभव. मुदत टळल्यावर आमच्याकडे येणाऱ्या माणसांचं दुःख खरं असतं, पण अर्ज दाखल होत नाही.

दोघं गेल्यावर मी अर्जाचा नमुना बदलला. ‘तुम्हाला प्राण्यांबद्दल प्रेम का वाटतं’ हा निबंध काढून टाकला. सगळे छानच लिहितात, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी आता एक अट: ज्या जीवाची किंवा जागेची तुम्हाला कळकळ आहे, तिच्या विरुद्ध दोन पानांचा युक्तिवाद लिहून पाठवा. सीनियर म्हणाले, एकही अर्ज येणार नाही. अर्ज घटले हे खरं. बोस्टनहून एकानं जरा रागावूनच लिहिलं की हे काम नैतिकदृष्ट्या मला जमणार नाही. त्याचा मी आदर करते, त्याला घेतलं नाही.

यंदा आलेल्यांत नाशिक जिल्ह्यातली एक मुलगी आहे, निफाडकडची. नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ; तिच्या वडिलांचा ऊस त्याच्याच काठाला. लहानपणापासून ती तिथे पक्षी मोजायला जाते. तिनं दोन पानं लिहिलीयत ती धरणाच्या फुगवट्यानं बुडणाऱ्या उसाच्या बाजूनं, पक्ष्यांच्या विरोधात. गाळ किती वर्षं काढला नाही, दारं कधी उघडतात, पंचनामा कोण करतं, सगळं आहे त्यात. तिला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोलावलंय.